कासारगल्लीतली दोनशे बारा पावलं

मु. आर्णी, कासारगल्ली
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी (दुपारी चार वाजून तीन मिनिटांपर्यंत. पत्र त्यापुढे लांबलं तर पंचमी समजावी.)

तीर्थस्वरूप सदाशिवदादांना मारोतरावचा वाकून नमस्कार, आणि वहिनींना उभ्यानेच (एका दिवसात दोनदा वाकणं कमरेला झेपत नाही, आदर दोघांनाही सारखाच समजावा). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे मी एकटाच आहे, पण बत्तीस वर्षं पत्रात ‘आम्ही’ लिहीत आलो, आता हाताला दुसरं वळण लागत नाही. तुमची तूर फुलावर असेल, कापसाची दुसरी वेचणी उरकली असेल, आणि रानातल्या रोह्यांनी हरभऱ्यातला यंदाचा आपला वाटाही ठरवून टाकला असेल. तुमच्या रक्तातल्या साखरेचं काय म्हणणं आहे? वहिनी गुळाचा डबा कुठे ठेवतात ते तुम्हाला अजून सापडलं नसेल, तर वहिनींचं करावं तेवढं कौतुक थोडं. तुमच्याकडे असलेल्या सौ. विमलच्या उजव्या गुडघ्याची चौकशी मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण या पत्राचं मूळ त्या गुडघ्यात आहे.

फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. दादा, फोनवर तुम्ही एका कानाने माझं ऐकता आणि तोंडाने बैलांशी बोलता, त्यामुळे ‘हो, हो, थांब जरा’ हे मला होतं की ढवळ्याला, ते मला आजवर कळलेलं नाही. शिवाय मधेच विमल फोन घेते आणि मग माझ्याने मुद्द्यावर राहवत नाही. म्हणून सविस्तर आणि शांत डोक्याने लिहायला बसलो आहे. हे पत्र आमच्या गल्लीचा राखणदार देवसिंग स्वतः आणून देईल. त्याच्या लेकीचं सासर तुमच्याच बाजूला आहे. त्याला चहा द्यावा, पण आमच्या गल्लीचा विषय त्याच्यासमोर काढू नये, तो लगेच उभा राहून शिट्टी वाजवतो.

तर गल्लीची हकीकत. कासारगल्ली तुम्ही पाहिलेली आहे, पण दसऱ्यानंतरची पाहिलेली नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांच्या पाठीमागच्या खोल्यांत आम्ही राहणारे, आणि मधे जो काही रस्ता उरतो त्यात मोटरसायकली, ऑटो, सिलिंडरची गाडी, शाळेची व्हॅन, आणि बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेला एखादा ट्रॅक्टर, तोही ट्रॉलीसकट. हॉर्नचा नुसता कल्ला. त्यावर कोणीतरी नगरपालिकेच्या कचेरीत अर्ज केला (कोणी, ते सोडा), आणि दसरा होताच साहेबांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी दोर बांधला. सकाळी नऊ ते रात्री नऊ एकही गाडी आत यायची नाही. दोरापाशी देवसिंगला उभं केलं. देवसिंग म्हणजे इथल्याच बंजारा तांड्यावरचा, होमगार्डात आयुष्य गेलेला माणूस. निवृत्त झाला तेव्हा त्याने गणवेश परत केला पण शिट्टी केली नाही, आणि ती तो अजून रोज राखेने घासतो.

गल्लीत आनंदीआनंद झाला, तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी सिलिंडरवाल्याने सिलिंडर दोरापाशी उतरवले आणि म्हणाला, आपापले घेऊन जा. शेजारच्या जमनाबाईने दळणाचा डबा डोक्यावर घेतला आणि साऱ्या कचेरीचा उद्धार करत घरी नेला. शाळेतली पोरं दोरावर झोके घेऊ लागली. दोरापासून आमच्या दारापर्यंत दोनशे बारा पावलं आहेत, दादा. (मी तीन वेळा मोजली. एकदा दोनशे नऊ भरली, पण तेव्हा मी रागात होतो.) मला वाटलं, दोनशे बारा पावलांचं काय एवढं? पण दिवाळीनंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या विमलला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यातून तुमची गाडी त्या दोरापाशी येऊन थांबली, तेव्हा दोनशे बारा म्हणजे किती ते मला कळलं. तुम्ही त्या गाडीत पुढेच बसला होतात. पण तुम्हाला झोप लागली होती, म्हणून काय घडलं ते सांगतो. देवसिंगने स्वतःहून दोर सोडला आणि सलाम ठोकून म्हणाला, “याडी, चाला तुमी.” (याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.) त्यावर तुमच्या भगिनी काय म्हणाल्या? “जमनाबाईची सासू काल याच दोरापासून पायी गेली. माह्यासाठीच काहून सोडता? सगळ्यायच्या दारापर्यंत रस्ता येईन तवा मी येईन. गाडी दादाच्या घरी, फुलसावंगीले वळवा.” गाडी वळली. तिच्या कपड्यांची पिशवी माझ्या हातात राहिली आणि तुम्ही घोरत होतात.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती तडीला नेतो. (आमच्या लग्नात वरातीचं बँडबाजाचं पथक वाट चुकलं, तेव्हा मीच घोड्यावरून उतरून शोधून आणलं होतं. पथक सापडलं, घोडा गेला. पण तो विषय वेगळा.) दुसऱ्याच दिवशी मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. साहेब तरुण आहेत, बोलायला सरळ आहेत. मी म्हणालो, गल्लीत अडचण चालत्या गाड्यांची नाही, उभ्या गाड्यांची आहे. दोन्हीकडे गाड्या लागतात म्हणून मधे वाट उरत नाही. एका दिवशी एकाच बाजूला लावू द्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. रस्ता मोकळा झाला नाही तर माझं नाव मारोतराव नाही. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ठीक आहे, एक महिना दोर सोडून बघू. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. महिन्याच्या शेवटी मी स्वतः येऊन पाहीन. जमलं तर दोर कायमचा काढतो, नाही जमलं तर दोराच्या जागी लोखंडी खांब रोवतो, मग माझ्याकडे यायचं नाही. मी तिथल्या तिथे कबूल झालो. घरी येऊन विमलला फोन करून सांगितलं की महिन्याभरात ऑटो तुझ्या पायरीला लागेल. ती म्हणाली, “पाहू.” या ‘पाहू’वर मी जगातली कुठलीही गोष्ट करायला तयार होतो, हे तुम्ही जाणताच.

गल्लीची बैठक माझ्या भांड्यांच्या दुकानात घेतली. सम म्हणजे माझी बाजू, विषम म्हणजे समोरच्या फुलचंद कापडवाल्याची. फुलचंद हिशेबाला पक्का. तो म्हणाला, एकतीस तारीख विषम, दुसऱ्या दिवशी एक तारीख, तीही विषम. म्हणजे माझ्या पायरीवर लागोपाठ दोन दिवस गाड्या, गिऱ्हाइकाला लुगडं दिसायचं कसं? आणि असा महिना वर्षातून सात वेळा येतो. त्याचं खरं होतं. बैठक मोडते की काय असं झालं, आणि तेवढ्यात दादा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट करून मी म्हणालो, इंग्रजी तारीख हवी कशाला? आपण तिथीने चालू. पौर्णिमा पंधरावी, दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा पहिली, म्हणजे दोन विषम दिवस लागोपाठ फुलचंदच्या दारात. पण तिकडे वद्य चतुर्दशी आणि लगेच अमावस्या, जिला पंचांगात तीसचा आकडा आहे, हे दोन सम दिवस लागोपाठ माझ्या दारात. महिन्यात एक जोडी तुझी, एक माझी. कोणावर अन्याय नाही. फुलचंदने बोटांवर दोनदा मोजलं, मग माझ्याकडे असा पाहू लागला जणू मला नव्यानेच ओळखतो आहे. टाळ्या पडल्या. साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, तुमच्या तुम्ही काहीही ठरवा, मला रस्ता मोकळा दिसला पाहिजे.

आणि खरं सांगतो, पंधरा-वीस दिवस रस्ता असा मोकळा होता की जमनाबाईने अंगणासारखी रांगोळी काढली. मी रोज सकाळी दुकानाबाहेर फळ्यावर तिथी आणि बाजू लिहायचो. खेड्यावरून येणारी माणसं गाडी लावायच्या आधी विचारू लागली, “आज तिथी कोनती हाय जी?” ज्यांना उपास चुकायचा त्यांचा चुकेनासा झाला. एक सोयाबीनवाला शेतकरी मला म्हणाला की तुमच्या गल्लीत गाडी लावायची तर पोरीची पत्रिका बघितल्यासारखं वाटते. मी ते कौतुक म्हणून घेतलं. रोज संध्याकाळी विमलला फोन करून तिथी सांगायचो, किती गाड्या लागल्या ते सांगायचो, आणि ती “बरं” म्हणायची. (दोर कायमचा निघाल्याचा हुकूम आला की मगच तिला आणायचं, असं मीच मनात धरलं होतं.)

मग मार्गशीर्ष लागला आणि शुद्ध चतुर्थीचा क्षय आला. तुम्ही शेतकरी माणसं, तुम्हाला क्षयतिथी सांगायला नको. सूर्य उगवला तेव्हा तृतीया, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा थेट पंचमी. चतुर्थी मधल्यामधे लागली आणि संपली. तृतीया विषम, पंचमी विषम. फुलचंद दोन दिवस गाड्यांच्या मागून गिऱ्हाइकांना हाका मारत होता. तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, “चतुर्थी गेली कुठं मारोतराव? तुमच्या हिस्स्याची होती ती, खाऊन बसले का तुमी?” मी त्याला उदयतिथी समजावून सांगितली, की सूर्योदयाला जी असेल ती दिवसभराची. तो म्हणाला, उपासाला ते ठीक आहे, मोटरसायकलीला नाही. तिथी ज्या मिनिटाला बदलते त्या मिनिटाला गाड्यांची बाजू बदलली पाहिजे. नाही तर मी उद्यापासून दोन्हीकडे गाड्या लावू देतो. आता महिना सरायला दोन-तीन दिवस उरलेले. मोठ्या मनाने मी मान्य केलं. (मोठ्या मनाने माणसाने काहीही मान्य करावं, फक्त बाजाराचा दिवस सोडून, एवढं मी या महिन्यात शिकलो.)

पाहणीच्या दिवशी शुद्ध अष्टमी होती, ती सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी संपून नवमी लागायची होती. आणि बाजाराचा दिवस होता. आणि साहेब पाहणीला आले ते बरोबर अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, जीप घेऊन. माझ्या बाजूला साठ-पासष्ट मोटरसायकली एका रांगेत उभ्या, समोर फुलचंदच्या पायऱ्या स्वच्छ, आणि मधून साहेबांची जीप लग्नातल्या नवरदेवासारखी डौलात आत येत होती. साहेबांनी काच खाली करून मला हात केला. दादा, तो हात पाहून मी मनातल्या मनात विमलची खोली झाडून काढली, उशीला नवीन अभ्रा घातला. तेवढ्यात देवसिंगने घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

एवढंच झालं. त्याचा काही दोष नाही. त्याला सांगितलं होतं, बेचाळीस म्हणजे बेचाळीस. शिट्टी झाली आणि माझ्या बाजूचे सगळे दुकानदार धावले. गाड्यांचे मालक बाजारात, हँडल लॉक केलेली, म्हणून दोघं दोघं मिळून गाड्या उचलून समोर न्यायला लागले. जीप मधे. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्या खेड्यावरच्या दोन माणसांना वाटलं की गाड्या चोरीला जात आहेत. ते ओरडत आले आणि गाड्या परत इकडे आणायला लागले. फुलचंद पायरीवर उभा राहून म्हणत होता, नवमी लागली, नवमी लागली. एक गाडी कलली, तिने दुसरीला धरलं, दुसरीने तिसरीला, आणि सगळी रांग माझ्या दुकानावर येऊन पडली. दुकानाबाहेर पाण्याचे पितळी गुंड, स्टीलच्या कोठ्या, पराती एकावर एक रचलेल्या होत्या. (विमल नेहमी म्हणते, एवढे रचू नका.) तो आवाज पार लोहारा गावापर्यंत गेला असेल. एक परात घरंगळत गेली आणि साहेबांच्या जीपला जाऊन टेकली. साहेब उतरले, चारी बाजूंनी गाड्या, कुठून बाहेर पडावं कळेना. शेवटी माझ्या पायरीच्या कडेला बांगड्या आणि आरसे विकायला बसणारी चंदाबाई (देवसिंगची थोरली बहीण) हात देऊन त्यांना आपल्या टोपल्यांवरून पलीकडे घेऊन गेली. साहेब रागावले नाहीत. ते मला फक्त एवढंच म्हणाले, “काका, आज तिथी कोणती?” मी म्हणालो, नवमी. ते म्हणाले, “लक्षात ठेवा.”

पाचव्या दिवशी खांब रोवले गेले. दोन्ही तोंडांशी दोन-दोन, लाल-पांढरे पट्टे मारलेले. आता यंत्राने चालणारं कुठलंही वाहन दिवसा-रात्री केव्हाही आत यायचं नाही. मधे पायी माणूस आणि हातगाडी जाईल एवढी जागा. आजाऱ्यासाठी एक खांब उपटता येतो, दवाखान्याची गाडी आली तर. मी आशेने विमलला फोन केला. ती म्हणाली, “त्या गाडीत बसून मी घरी आली तं गल्ली काय समजन? सगळ्या बाया पदर डोळ्याले लावतीन.” तिचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडे ती गाडी दारात आली की चुली विझवायला लागतात.

पण दादा, मी हात टेकणाऱ्यातला नाही. हुकूम नीट वाचला. हातगाडी चालते, असं लिहिलं होतं. मी गादीवाल्याची हातगाडी मागून घेतली, तिच्यावर सतरंजी आणि तक्क्या टाकला, आणि तालीम करायची ठरवली. विमलच्या वजनाचा गल्लीत एकच माणूस आहे, तो म्हणजे फुलचंद (हे वाक्य तिला वाचून दाखवू नये). त्याला विचारलं. तो आधी ताठ झाला, मग म्हणाला, वहिनीसाठी बसतो, पण कोणी फोटो काढायचा नाही. खांबापाशी देवसिंगने हात आडवा केला. “हातगाडीवर सामान चालते मारोतराव, सवारी नाही चालत. सेठ सामान हाय का सवारी?” फुलचंदने आजवर भावात एक रुपया कमी केलेला मी पाहिलेला नाही, पण त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, “लिहून घे बाबा, सामान.” त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी त्याला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो: चतुर्थीसकट सगळं माफ. मग मी ढकलायला लागलो. आमच्या गल्लीला खांबापासून आत उतार आहे, हे एवढ्या वर्षांत मला कधी जाणवलं नव्हतं, कारण मी नेहमी रिकाम्या हातांनी चालत आलो. गाडी सुटली. फुलचंद तक्क्याला मिठी मारून पुढे पुढे, मी मागे, आणि गादीवाल्याने पिंजून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात गाडी जाऊन थांबली. जखम नाही, खरचटलंसुद्धा नाही. फक्त फुलचंद दिवसभर पांढरा होता. चंदाबाई पायरीवरून उठून कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाईले काय पोतं समजले का तुमी?” मी हातगाडी गादीवाल्याला परत केली.

म्हणून आता या पत्राचं कारण. तुमच्या गोठ्यामागे ती जुनी दमणी उभी आहे, माणसं बसायची, हलकी, दोन बैलांची. बैलाला यंत्र म्हणता येत नाही, हे मी साहेबांच्या कचेरीत विचारून आलो आहे. तिथल्या कारकुनाने बराच वेळ विचार करून मान डोलावली. आखाला वंगण घाला, वरच्या टपाची ताडपत्री बदला, ढवळ्या-पवळ्याला गर्दीची सवय नसेल तर दोन दिवस गावच्या बाजारातून फिरवून आणा, आणि विमलला तिच्यात बसवून पाठवा. महागावापासून पुढे रस्ता चांगला आहे. आर्णीच्या वेशीवर मी स्वतः येईन. दमणी खांबातून आत येईल, दारापर्यंत येईल, आणि साहेबांनाही मान्य करावं लागेल की मारोतरावने सांगितल्याप्रमाणे रस्ता दारापर्यंत आणून दाखवला. वहिनींना पुन्हा नमस्कार. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मारोतराव

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी टेप घेऊन खांबांपर्यंत जाऊन आलो. मधलं अंतर साडेतीन फूट आहे. दमणी राहू द्या, जुंपलेले बैलच त्यातून जायचे नाहीत. एकेक बैल जाईल, पण विमल बैलावर बसणार नाही. तेव्हा आखाला वंगण घालायची घाई करू नका.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलं आहे की कोणीतरी अर्ज केला, कोणी ते सोडा. दादा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. अर्जावर पहिली सही माझी होती. उन्हाळ्यात दुपारी डोळा लागला की दारात हॉर्न वाजायचे, त्या तिरीमिरीत केला. अक्षरही माझंच आहे. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरायच्या आधीची गोष्ट. विमलला हे सांगू नका.

ता. क. तिसरा, आणि आता पंचमी लागली आहे. हे सगळं पत्र मी चंदाबाईला वाचून दाखवलं, कारण गल्लीत दुपारी दुसरं कोणी जागं नव्हतं. ऐकून ती म्हणाली, “सही कोनाची हाय ते तिले कधीचं माहीत हाय. रोज दुपारी फोनवर बोलतो आम्ही दोघी.” मग तिने हेही सांगितलं की विमल पंधरा दिवसांपासून तुमच्या अंगणात गोठ्यापासून विहिरीपर्यंत चालते आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, वीस पावलं चाला, बसा, पुन्हा वीस चाला. दादा, तुम्ही मला एक अक्षर बोलला नाहीत! मी चंदाबाईला विचारलं, मग ती येत काहून नाही? त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. “महिनाभर तुमी रस्ता आनतो, रस्ता आनतो करून राह्यले. तिले ये म्हनून एकडाव तरी म्हटलं का?”

मी आठवून पाहिलं. तिला मी तिथ्या सांगितल्या, गाड्यांचे आकडे सांगितले, साहेब काय म्हणाले ते सांगितलं. ते नाही सांगितलं. मला वाटायचं, ते त्यातच आलं. घर खायला उठतं, दादा. पहिल्या ओळीत हेच लिहायला हवं होतं.

चंदाबाई एवढ्यावर थांबली नाही. तिने गल्लीभर फिरून दर वीस पावलांवर एक खुर्ची बाहेर काढायला लावली. अकरा झाल्या. फुलचंदने आपल्या गल्ल्यामागची गादीची दिली आहे, जमनाबाईने तिच्या सासूची, गादीवाल्याने वेताचा मोडा दिला आणि त्यावर नवी गादी. तेव्हापासून त्यांच्यावर कोणाला बसू दिलेलं नाही. मला ठाऊक आहे, विमल प्रत्येक खुर्चीवर बसून त्या त्या दुकानातल्या सगळ्यांची विचारपूस करेल, आणि दोनशे बारा पावलांना दोन तास लागतील. लागू देत.

आता हे पुढचं तिला मोठ्याने वाचून दाखवा, मधे कोणाशी बोलू नका.

विमल, ये. रस्ता मला दारापर्यंत आणता आला नाही. दादांची गाडी खांबापर्यंत येते. तिथून पुढे मी आहे.